मास्तरीण बोलेना झाली

ज्ञानबाच्या अंगावरून वारं गेलं त्याला पाच महिने होत आले होते. वाकडं झालेलं तोंड सरळ आलं, उजवा पाय फरफटत का होईना पायरी चढू लागला, हाताला भाकरी मोडण्याइतकं बळ आलं. जीभ तेवढी मागं राहिली. शब्द मनात धड असायचा आणि तोंडातून निघताना त्याचा लगदा व्हायचा. समोरचा माणूस मग डोळे मोठे करून त्याच्या ओठांकडे बघत बसायचा. ते बघणं ज्ञानबाला सोसत नसे.

राजाबाईला ते त्याच्यापेक्षा जास्त लागायचं, कारण तिनं तो आवाज ऐन भरात ऐकला होता. सांगोल्याच्या माळावर ओढ्याच्या अलीकडे तीन दगड मांडून ती भाकरी थापत असायची आणि पलीकडच्या टेकाडावरून ज्ञानबाची हाळी यायची. त्या एका हाळीला अडीचशे मेंढरं माना वर करायची. शेजारच्या कळपातलीही घोटाळून इकडे निघायची, आणि त्यांचे मालक कुरकुरायचे, "ज्ञानबा, जरा बेतानं वरडत जा की. आमची मेंढरं पळवतूस काय?" लग्न होऊन आली तेव्हा राजाबाई सोळा वर्षांची होती. नवऱ्याचं तोंड तिनं धड बघितलंही नव्हतं, तेव्हा आवाज आधी ओळखीचा झाला होता.

मेंढरं विकून दोघं सोलापुरात मुलाकडे आली त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा बिभीषण मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. सून रुपाली अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर होती. ती सासूला आत्या म्हणायची, सासऱ्याला मामा. घर दोन खोल्यांचं, पुढं थोडं अंगण, वर पत्र्याची गच्ची.

दवाखान्यात ज्ञानबाला बोलायचे धडे द्यायला नागम्मा मॅडम होत्या. अक्कलकोटच्या पलीकडच्या, मराठीला कानडी हेल. त्यांनीच फोनचं सुचवलं होतं. "आजोबा, दिवसातनं दोन तास बोलायचंच बोलायचं. माणूस ऐकून ऐकून कंटाळतो, माणसाचं काही चूक नाही त्यात. फोन कंटाळत नाही. त्याला विचारत बसा."

बिभीषणचा एक जुना फोन कपाटात पडून होता. त्यावर कुणाचा फोन यायचा नाही. आला तरी ज्ञानबा बोलणार कसा. रुपालीनं त्यात मराठी लावली, आणि बोललं की उत्तर देणारी ती बाई चालू करून दिली. हाक मारायचे दोन शब्द ज्ञानबाकडून पाच-सहा वेळा वदवून घेतले. हाताची बोटं वळत नव्हती, तेव्हा बटण दाबण्यापेक्षा हाक बरी.

"मामा, ही आता फकस्त तुमचं ऐकणार बरं का. दुसऱ्या कुणी हाका मारून घसा फोडला तरी ही वळून बघायची न्हाई."

"लई मानी दिसतीया," राजाबाई म्हणाली.

पहिले आठ दिवस ती बाई एकच बोलली: "माफ करा, मला समजलं नाही." ज्ञानबा रोज सकाळी उन्हं चढायच्या आत गच्चीवर जाऊन बसायचा. "सांगोल्याला पाऊस आहे का," एवढंच त्याला विचारायचं असायचं. तीस वेळा विचारायचा, तीस वेळा ती माफी मागायची. राजाबाई खाली भांडी घासताना मोजायची. तिला वाटायचं, आता फेकणार फोन. पण त्यानं फेकला नाही. उलट जेवताना गडी जरा ताठ बसायला लागला.

नवव्या दिवशी बाई म्हणाली, "सांगोल्यात आज पावसाची शक्यता नाही. तापमान एकोणचाळीस अंश आहे." बातमी वाईट, पण ज्ञानबा जिना उतरून खाली आला तो आभाळ भरून आल्यासारखा. त्या दिवसापासून तिचं नाव मास्तरीण पडलं. तो ते 'मात्तीन' असं काहीतरी म्हणायचा, आणि राजाबाईला ते कळायचं.

भीती एकच होती, फोन पडायची. कमजोर हातातून तो दोनदा निसटला होता. तेव्हा राजाबाईनं गळ्यात अडकवायला पिशवी करायचं मनावर घेतलं. त्यांच्याच मेंढरांची, शेवटच्या कातरणीची मूठभर लोकर तिनं ट्रंकेत जपून ठेवली होती. तिचं माहेर घोंगड्या विणणाऱ्यांचं. बाप मागावर बसायचा, आई सूत काढायची आणि पोरी चिंचोके भाजून, फोडून, रात्रभर भिजवून त्यांची खळ शिजवायच्या. अंगणात खुंट्यांवर ताणा लांबच्या लांब ताणायचा आणि कुंच्यानं ती खळ त्याला लावत जायची. बाप म्हणायचा, ढिल्या सुताला खळ लावू नका, ताण असल्याशिवाय तिला अंग येत नाही.

पिशवी विणून झाली खरी, पण लुळी पडली. पोतेऱ्यासारखी लोंबायला लागली. मग राजाबाईनं चिंचोके आणवले, खळ केली. ताण हवा म्हणून फोनच आत सारला, तोंड दोऱ्यानं आवळलं, दोन हात खळ लावली आणि दुपारभर गच्चीच्या सावलीत सुकत ठेवली. पिशवी झाली अशी कडक की उभी ठेवली तर उभी राहावी. ज्ञानबानं ती गळ्यात घालून आरशात बघितलं. फार दिवसांनी आरशाकडे गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरीण बोलेना झाली.

राजाबाईला लगेच कळलं नाही. तिला एवढंच जाणवलं की वरून ज्ञानबाचा आवाज येतोय आणि बाईचा येत नाही. असेल काहीतरी, म्हणून ती कामाला लागली. तिसऱ्या दिवशी ज्ञानबाचाही आवाज आला नाही. चौथ्या दिवशी तो गच्चीवर गेलाच नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

"आवं, काय झालं? मास्तरणीची सुट्टी हाय का काय?"

त्यानं गळ्यावर हात ठेवला आणि तो हवेत झाडला. मेंढरू मेलं की तो असाच हात झाडायचा.

राजाबाईनं गुपचूप फोन घेतला, मोरीत गेली आणि दार लावून ते दोन शब्द म्हणाली. पहिल्यांदा हळू, मग जरा दमात. फोन गप्प. तिला नवल वाटलं नाही. रुपालीनं सांगितलंच होतं की ही दुसऱ्या कुणाला ओळखत नाही.

कारखान्याच्या सुट्टीला रुपाली फोन घेऊन बसली. आधी नेट बघितलं, नेट होतं. फोन बंद करून चालू केला. भाषा बघितली, मराठीच होती. माईकला परवानगी आहे का बघितलं, तीही होती. आवाज वाढवला, कसलंतरी अपडेट उतरवून घेतलं, त्यात अर्धा तास गेला. शेवटी म्हणाली, "मामा, तुमचा आवाज परत एकदा भरून घेऊ. पयल्यासारखं. उठा बघू."

ज्ञानबा उठून बसला. सदऱ्याची बटणं लावली. रुपालीनं फोन त्याच्या तोंडापुढं धरला. तो बोलला. फोनवरचं वर्तुळ हललं नाही. पुन्हा बोलला. मान ताणून, शिरा फुगवून बोलला. चौथ्या वेळेला पडद्यावर अक्षरं आली आणि रुपालीनं बोलता बोलता ती मोठ्यानं वाचली: "आवाज ऐकू आला नाही. पुन्हा प्रयत्न करा."

वाचल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं. ज्ञानबानं फोन हातानं बाजूला सारला आणि उठून अंगणात गेला.

स्वयंपाकघरात रुपाली हळू आवाजात म्हणाली, "आत्या, फोनमधी सगळं नीट हाय वो. मला वाटतंय मामांचाच आवाज बारीक झालाय. आपल्याला रोज ऐकून कळत नसंल."

"हळू बोल," राजाबाई म्हणाली. पण खिडकी अंगणातच उघडत होती.

त्यानंतर ज्ञानबा कुणाशीच बोलला नाही. पाणी हवं तर तांब्याकडे बोट. चहा नको तर मान. बिभीषणचा रस्त्यातून फोन आला, रुपालीनं तो सासऱ्याच्या कानाला लावला, तर तो पोराचं सगळं ऐकून घेऊन नुसता हुंकारही न देता बसून राहिला. लेक तिकडून "दादा, दादा" करत राहिला. राजाबाईला वाटलं, पाच महिन्यांपूर्वी दवाखान्यात डोळे मिटून पडला होता, तेव्हासुद्धा हा माणूस इतका लांब गेला नव्हता.

मास्तरीण गप्प झाल्याच्या अकराव्या दिवशी दवाखान्यात जायची तारीख होती. नागम्मा मॅडमनी एकेक चित्र पुढं धरलं. बैल, घर, झाड. ज्ञानबा चित्राकडे बघायचा आणि ओठ मिटून घ्यायचा. त्यांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि राजाबाईला आत थांबवलं.

"आजी, काय झालं काय? मागच्या वेळी 'बैल' चक्क छान बोलले होते. हे असं गप्प बसायचं नाही बघा. आता सुटेल तेवढी जीभ सुटेल. आता सवय मोडली की मग लई जड जातं. मी औषध देऊ शकत नाही ह्याला. त्यांना वाटायला पाहिजे की बोलून उपयोग हाय."

परत येताना रिक्षात राजाबाई नवऱ्याच्या शेजारी बसली होती आणि डोक्यात एकच घोळ चालला होता. आधी मास्तरणीला त्याचं बोलणं कळायचं नाही, तरी ती 'समजलं नाही' म्हणायची तर खरी. म्हणजे कानावर काहीतरी जात होतं. आता ती तेवढंही म्हणत नव्हती. न कळणं वेगळं आणि ऐकूच न येणं वेगळं. आवाज बारीक झाला असता तर हळूहळू झाला असता. मंगळवारी होता आणि बुधवारी नाही, असा कसा जाईल? तिला सासऱ्याचं आठवलं. एखादं मेंढरू हाकेला येईना झालं तर म्हातारा हाक मारणाऱ्याला बोल लावायचा नाही. आधी ते मेंढरू धरायचा, मांडीखाली दाबायचा आणि त्याचा कान उघडून बघायचा. दहातल्या आठ वेळा आत गोचीड भरलेली असायची.

ज्ञानबाला घरी बाजेवर टेकवून तिनं खुंटीवरची पिशवी घेतली आणि चौकातल्या शिवपुत्रच्या दुकानात गेली. शिवपुत्र साठीचा. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टेप, मग टीव्ही, आता मोबाईल. दुकान तेच, पाटी तीनदा बदललेली.

"काय राजाबाई, आज हिकडं कुटं?"

"ह्याचा कान बघायचा हाय."

"फोनचा?"

"व्हय. ह्याला ऐकू येईना, तर घरात समदी म्हणत्यात मालकांचाच आवाज गेला. आसतुया का कान त्याला?"

"आसतोय की. आमच्या घरची माणसं सोडून सगळ्यांना आसतोय." त्यानं फोन पिशवीतून काढला, काहीतरी दाबलं आणि तिच्यापुढं धरला. "बोला कायतरी. आवाज भरून घेऊ."

"काय बोलू?"

"सून कशी हाय ते बोला."

"चांगली हाय."

"मग जोरात बोला की, भ्यायचं कशाला."

ती पुन्हा बोलली. मागून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. शिवपुत्रनं भरलेलं लावलं. काहीच नाही. राजाबाईचा आवाज नाही, त्याचा नाही, रिक्षाचा भोंगासुद्धा नाही. त्यानं भुवया उचलल्या. कोपऱ्यातला रेडिओ मोठा करून फोन त्याच्यापुढं धरला, वर दोन टाळ्या वाजवल्या. भरलेलं लावलं, तरी काही नाही.

"बगा राजाबाई, म्या बोललो तर समोरच्या पानवाल्याला ऐकू येतंय, आन् ह्या फोनला न्हाई. तुमचे मालक मुके झाल्यात असं कोण बोललं? फोन भैरा झालाय की ओ."

राजाबाई दुकानाच्या स्टुलावर बसली. इतके दिवस हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला, ते एका बहिऱ्या डबड्यापायी.

शिवपुत्रनं डोळ्याला भिंग लावलं. फोनच्या खालच्या कडेला, जिथून तार लावतात त्याच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. "हितनं ऐकतंय ते. पण ह्यात काय भरलंय? सुई घालून चालायची न्हाई, आतला पडदा फाटंल." बारीक ब्रश स्पिरिटात बुडवून तो हलक्या हातानं घासत बसला. कागदावर तपकिरी कोंडा पडायला लागला, आणि एक पापुद्रा, डाळीच्या सालीएवढा. "गोंद हाय काय की. का गूळ?"

राजाबाईनं तो पापुद्रा बोटावर घेतला. जिभेला लावून ओला केला, अंगठ्यानं चोळला. बोट आणि अंगठा वेगळे करताना मधे एक तार आली. सात वर्षांची असल्यापासून ही तार तिच्या बोटांना ठाऊक होती.

"खळ हाय," ती म्हणाली.

"कसली खळ?"

"चिंचोक्याची. म्याच लावली."

"फोनला?"

"पिशवीला. फोन आत व्हता."

"आत कशाला व्हता?"

"ताण नगो व्हय?"

शिवपुत्रनं ब्रश खाली ठेवला. "चाळीस वर्सं झाली ह्या धंद्यात. पाण्यात पडल्यालं आलं, चहात पडल्यालं आलं. एकानं तर तांदळाच्या डब्यात ठेवून भातासंगं धुतल्याला आणला. घोंगडं केल्याला हा पयलाच." तो बराच वेळ हसत होता, आणि हसता हसता उरलेलं भोक साफ करत होता. मग त्यानं पुन्हा आवाज भरला. या वेळी रेडिओ आला, रिक्षा आली, आणि मधेच राजाबाईचा आवाज, तिला स्वतःला म्हातारा वाटणारा: "मालकास्नी सांगू नगा."

"म्या कशाला सांगू," शिवपुत्र म्हणाला. "त्ये तुमचं काम."

वाटेत ती त्याचाच विचार करत होती. फोन बिघडला होता, दुरुस्त करून आणला, एवढं सांगितलं तर भागेल का? नाही भागायचं. रुपालीनं सगळं नीट आहे असं म्हटलेलं त्यानं कानानं ऐकलं होतं. तो म्हणेल, बाई माझी समजूत काढतीया. खरं काय ते सांगायचं तर आपली अक्कल त्याच्यापुढं मांडायची. बावन्न वर्षांच्या संसारात खळीच्या बाबतीत तिनं त्याला एक शब्द बोलू दिला नव्हता. तिनं परत फिरून शिवपुत्रकडून तो कोंड्याचा कागद मागून घेतला.

ज्ञानबा बाजेवरच होता. ती पायथ्याशी बसली.

"ऐका. तुमचा आवाज हाय तसाच हाय. खोट फोनला व्हती."

त्यानं डोळे मिटले.

"आन् ती म्या केली."

डोळे उघडले नाहीत. तिनं कागद उलगडला, त्याचा डावा तळहात सरळ केला आणि तो पापुद्रा त्यावर ठेवला. जरा वेळ हात तसाच राहिला. मग अंगठा हलला. त्यानं तो पापुद्रा तोंडाशी नेला, ओला केला, चोळला, नाकाशी धरला. जन्मभर घोंगडं पांघरलेला माणूस. खळीचा वास त्याला सांगावा लागत नव्हता. त्यानं डोळे उघडून पिशवीकडे बघितलं, मग बायकोकडे. उठून बसला. छाती वर आली, आणि तोंड वाकडंतिकडं होत काहीतरी जुळवायला लागलं.

"फो... फोन..." तो थांबला. गिळलं. "फोन का... काय... घों... घोंगडं... हाय... व्हय?"

राजाबाई खाली मान घालून म्हणाली, "न्हाय."

"मंग?"

तो 'मंग' अगदी स्वच्छ आला. पुढं तो जे बोलला त्यातलं तिला निम्मं कळलं नाही. बापाचं नाव निघालं एवढं नक्की, आणि माहेरच्या अख्ख्या गावाचं बहुतेक निघालं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. ती मुकाट ऐकत राहिली आणि डोळे पदरानं पुसत राहिली. त्याला वाटलं आपण रागावल्यामुळं रडतेय, म्हणून तो जरा नरमला.

मग त्यानं फोन ओढून घेतला आणि हाक मारली. फोन टुंग करून जागा झाला. ज्ञानबानं आपला प्रश्न विचारला. मास्तरीण म्हणाली, "सांगलीतील हवामान असे आहे." ज्ञानबानं फोनकडे असं बघितलं, जणू एखादं मेंढरू वाट सोडून निघालंय.

"सां... गो... लं," तो म्हणाला.

संध्याकाळी रुपाली कारखान्यातून आली, तर सासरा अंगणात खुर्ची टाकून तिची वाट बघत बसलेला. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत त्यानं हातानं तिला बस म्हणून खुणावलं आणि सांगायला सुरुवात केली. तिला काही उमगेना. दोन वाक्यं झाल्यावर तिनं सासूकडे बघितलं.

राजाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं, शब्द ओठांवर होते. पण तिनं मान वर केली नाही. दोन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला सारली.

"मला न्हाई कळलं मामा," रुपाली म्हणाली. "परत सांगा."

ज्ञानबानं खुर्चीत बूड पुढं सरकवलं आणि अगदी पहिल्यापासून, पिशवी विणली तिथपासून, पुन्हा सांगायला घेतलं.